हिवाळ्यातला हिशेब

डिसेंबर 2023 मध्ये मी मुलीकडे अमेरिकेत होतो. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉन्ट गावात. सकाळी मुलगी आणि जावई कामावर गेले, की मी जवळच्या बागेत जाऊन बसे. तिथं सत्तरीचे एक गृहस्थ रोज येत. डोक्यावर हिरवी टोपी, हातात वर्तमानपत्र. चार दिवसांनी बोलणं सुरू झालं. मी विचारलं, ‘‘एवढं काय वाचता?’’ म्हणाले, ‘‘बेसबॉल.’’ मी म्हटलं, ‘‘पण सामने तर संपलेत ना?’’ ते हसले. ‘‘सामने उन्हाळ्यात असतात. हिवाळ्यात हिशेब असतो. मला हिशेबाचीच जास्त धास्ती वाटते.’’

त्या आठवड्यात शोहेई ओहतानी या जपानी खेळाडूने लॉस एंजेलिस डॉजर्सशी दहा वर्षांचा करार केला होता. रक्कम सत्तर कोटी डॉलर. गंमत अशी, की त्यातले अडुसष्ट कोटी त्याला 2034 ते 2043 या काळात मिळायचे आहेत. म्हणजे आज खेळायचं आणि पगार पुढच्या दशकात! आम्हा कवींचं बरं असतं. पाकीट घरी येऊन उघडलं, की आपली किंमत तिथल्या तिथं कळते.

मंडळी, आपल्याकडे आयपीएलचा लिलाव टीव्हीवर दिसतो. प्रत्येक संघाची थैली सारखी, हातोडा पडला की सौदा पक्का. बेसबॉलमध्ये तसं नाही. तिथं खर्चाला पक्की मर्यादाच नाही. ठरावीक रकमेच्या वर गेलात तर दंडासारखा कर भरायचा, एवढंच. त्यामुळे श्रीमंत संघ आणि गरीब संघ असे दोन वर्ग कायमचे पडलेले आहेत.

नवा खेळाडू वरच्या संघात आला, की पहिली साधारण तीन वर्षं त्याला जवळपास किमान पगारावर खेळावं लागतं. पुढची तीन वर्षं पगारावर घासाघीस करता येते. ती मिटली नाही, तर लवादापुढे जायचं. खेळाडू एक आकडा सांगतो, संघ एक सांगतो. लवाद त्यातला एक उचलतो, मधला काढत नाही. एकूण सहा वर्षं भरली, की खेळाडू मोकळा. मग जो जास्त देईल त्याच्याकडे त्याने जावं.

लवादापुढे संघाला काय सिद्ध करायचं असतं? तर आपला माणूस मागतोय तेवढ्या लायकीचा नाही, हे. तेही तो समोर बसलेला असताना. मिलवॉकीचा कॉर्बिन बर्न्स 2021 मध्ये आपल्या लीगचा सर्वोत्तम पिचर ठरला होता. फेब्रुवारी 2023 मध्ये तो लवादापुढे हरला. दोन आकड्यांत फरक होता सुमारे साडेसात लाख डॉलरचा. कोटीच्या पगारापुढे ही काही मोठी रक्कम नव्हे. पण आदल्या वर्षी संघाची घोडदौड थांबली त्याचं खापर आपल्यावर फोडलं गेलं, आता संबंध दुखावले, असं तो उघडपणे बोलला. वर्षभरात तो दुसऱ्या संघात गेला.

बागेतल्या आजोबांचा संघ होता ओकलंड अॅथलेटिक्स. गरीब संघ. 2001 मध्ये या संघाने 162 पैकी 102 सामने जिंकले. हिवाळा आला आणि तीन मोठे खेळाडू मोकळे झाले. जेसन जियाम्बी न्यूयॉर्क यांकीजकडे गेला, सात वर्षांचे बारा कोटी डॉलर घेऊन. जॉनी डेमन बॉस्टनला गेला, जेसन इस्रिंगहाउसन सेंट लुईसला. ओकलंडचा सगळ्या संघाचा वर्षाचा पगार चार कोटींच्या आसपास. यांकीजचा त्याच्या तिप्पट. ‘‘उन्हाळ्यात आम्ही पोरं वाढवायची आणि हिवाळ्यात लोकांच्या घरी पाठवायची,’’ आजोबा म्हणाले. मुलगी सातासमुद्रापार दिलेल्या बापाला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

ओकलंडचे व्यवस्थापक होते बिली बीन. अंगकाठीवर भाळून 1980 मध्ये न्यूयॉर्क मेट्सने त्यांना पहिल्याच फेरीत निवडलं होतं, पण ते मैदानात चमकले नाहीत. दिसण्यावरून माणसाची किंमत करणं किती फसवं असतं, हे त्यांनी स्वतः भोगलेलं. त्यांच्या जोडीला होते हार्वर्डमध्ये अर्थशास्त्र शिकलेले पॉल डीपोडेस्टा. दोघांनी प्रश्नच बदलला. जियाम्बीसारखा दुसरा कुठून आणायचा, हा प्रश्न सोडून दिला. बाजारात कोणता गुण स्वस्त मिळतो, हे शोधलं.

तो गुण होता थांबण्याचा. बेसबॉलमध्ये चार चुकीचे चेंडू पडले आणि बॅटरने ते सोडून दिले, की त्याला पहिला बेस फुकट मिळतो. टोलेबाजी सगळ्यांना दिसते. न मारलेला चेंडू कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. म्हणून त्याला भाव नव्हता.

स्कॉट हॅटबर्ग हा बॉस्टनचा कॅचर. कोपरातली नस दुखावल्याने त्याला नीट फेकता येईना. बॉस्टनने त्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकलं, आणि त्या संघाने डिसेंबर 2001 मध्ये कराराला नकार दिला. बत्तीस वर्षांचा, हात अधू झालेला कॅचर. पण त्याला थांबता येत होतं. तो मोकळा होताच ओकलंडचा फोन गेला. मूळ पगार साडेनऊ लाख डॉलर आणि काम पहिल्या बेसवर, म्हणजे जियाम्बीच्या जागी. ती जागा त्याने कधी सांभाळलेली नव्हती. त्या हिवाळ्यात त्याची बायको टेनिस कोर्टवर त्याच्याकडे चेंडू मारायची आणि तो अडवायला शिकायचा.

2002 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ओकलंडने ओळीने वीस सामने जिंकले. अमेरिकन लीगमधला तेव्हाचा तो विक्रम होता. विसाव्या सामन्यात 11-0 अशी आघाडी होती, ती 11-11 झाली. शेवटच्या डावात हॅटबर्ग बदली बॅटर म्हणून आला आणि त्याने चेंडू मैदानाबाहेर मारला. हंगामअखेर ओकलंडचे विजय 103, यांकीजचेही 103. पुढे बाद फेरीत दोघेही पहिल्याच पायरीवर हरले, हेही सांगायला हवं.

2003 मध्ये मायकेल लुईस यांनी या हिवाळ्यावर ‘मनीबॉल’ हे पुस्तक लिहिलं, 2011 मध्ये चित्रपट आला. पण आजोबांनी मला एक गोष्ट बजावून सांगितली. त्या विजयांचा मोठा वाटा हडसन, मल्डर, झीटो हे तीन पिचर आणि मिगेल तेहादा यांचा होता. हे चौघेही तरुण, अजून मोकळे न झालेले. नियमाने त्यांचा पगार दाबून ठेवला होता, म्हणून संघ स्वस्तात पडला. म्हणजे हॅटबर्गची किंमत ओळखली तोही हिशेबच, आणि तेहादाची किंमत अडवून धरली तोही हिशेबच. मोकळा होताच तेहादाही गेला.

पुढे हीच युक्ती श्रीमंत संघांनी उचलली. गरिबाची अक्कल श्रीमंताने घेतली, की गरिबाकडे फक्त गरिबी उरते. 2023 मध्ये ओकलंडचा पगार सर्वांत कमी होता आणि संघ 112 सामने हरला. मालकाला संघ लास वेगासला न्यायचा होता. जूनमधल्या एका मंगळवारी सुमारे अठ्ठावीस हजार माणसं मुद्दाम मैदानात आली आणि ‘संघ विका’ असं ओरडत राहिली. नोव्हेंबरमध्ये सगळ्या संघमालकांनी एकमताने स्थलांतराला मंजुरी दिली. आजोबा डिसेंबरमध्ये वाचत होते ते हेच. ‘‘प्रत्येक चेंडू मोजला त्यांनी,’’ ते म्हणाले, ‘‘आम्ही पन्नास वर्षं बाकावर बसलो होतो, त्याचा रकाना नव्हता.’’

26 सप्टेंबर 2024 रोजी ओकलंडमधला शेवटचा सामना झाला. सेहेचाळीस हजारांवर लोक आले. संघ 3-2 असा जिंकला आणि गाव सोडून गेला. मी तेव्हा इथं घरी होतो. मुलीने फोनवर सांगितलं, ‘‘अब्बा, तुमचे आजोबा आज बागेत दिसले नाहीत.’’

हिशेब वाईट नसतो, मंडळी. हिशेबानेच टाकून दिलेल्या हॅटबर्गला जागा मिळाली. मात्र वही मिटण्याआधी एकदा विचारावं, की आपण कोणता रकाना आखलाच नाही. संघाला विचारावं, कारखान्याला विचारावं, आणि घरातल्या कर्त्या माणसानेही स्वतःला विचारावं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)