अंतर्मुक्तीचा मार्ग : बौद्ध मानसशास्त्र व स्मृतिसाधना

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणीसांनी यंदा व्याख्यानाची कामगिरी माझ्याकडे सोपविली. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, आयुष्य खेड्यापाड्यांतल्या शाळांत घालविलेला एक शिक्षक आहे. पाली भाषेचा पंडित म्हणून मी आपणापुढे उभा नाही. मराठीत जे ग्रंथ उपलब्ध आहेत ते वाचून आणि त्यांवर यथामति मनन करून जे हाती लागले, ते आपणापुढे ठेवावे एवढाच माझा हेतू आहे.

आपण मराठवाड्याची माणसे. ‘मुक्ती’ हा शब्द आपल्याला पोथीत वाचून शिकावा लागला नाही. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानातील निजामी राजवट संपली आणि आपला जिल्हा स्वतंत्र भारतात आला. त्या लढ्याच्या कथा माझ्या पिढीने वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेल्या आहेत. ती मुक्ती बाहेरची होती, आणि ती अमोल होती. परंतु शेजाऱ्याने बांधावरून एक वावगा शब्द बोलावा आणि आपली रात्रीची झोप उडावी. भावकीत कोणी आपल्या पंगतीला नावे ठेवील या धास्तीने ऐपतीबाहेर कर्ज काढून लग्न उरकावे. रागाच्या एका झटक्यात वीस वर्षांचा घरोबा मोडून बसावे. याला काय म्हणावे? येथे आपल्यावर कोणी राजा नाही की जमादार नाही. तरीही आपण कोणाच्या तरी हुकुमावर चालतच असतो. हा धनी आत बसलेला आहे. त्याच्यापासून सुटण्याचा जो मार्ग अडीच हजार वर्षांपूर्वी भगवान बुद्धांनी दाखविला, त्याविषयी मी आज बोलणार आहे.

हा विषय आपल्या भूमीला परका नाही. आपल्या जिल्ह्यातील तेर म्हणजेच प्राचीन तगर नगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहिलेल्या एका ग्रीक प्रवासवृत्तात पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवरील फार मोठी पेठ म्हणून तगराचा उल्लेख आहे. तेथील कापड भडोचच्या बंदरातून परदेशी जात असे. याच तेरमध्ये त्रिविक्रमाचे विटांचे मंदिर आहे. त्याचा मागचा भाग अर्धगोल आहे, आणि ही घडण मूळच्या बौद्ध चैत्यगृहाची असावी असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर भिक्षूही या वाटेने चालत असत. पुढे शतके लोटली आणि याच गावात संत गोरोबाकाका झाले.

गोरोबाकाकांची ती गोष्ट आपणांपैकी प्रत्येकाने कीर्तनात ऐकलेली आहे. संतमंडळी जमलेली असताना कोणते मडके पक्के व कोणते कच्चे, याची पारख करण्यास काकांना सांगण्यात आले. त्यांनी कुंभाराचे थापटणे घेतले व एकेकाच्या डोक्यावर मारीत गेले. सारे शांत राहिले; नामदेव मात्र चिडले, आणि काकांनी हे मडके कच्चे असल्याचा निर्वाळा दिला. वारकऱ्यांची भक्ती आणि बुद्धांचा धम्म हे दोन वेगळे मार्ग आहेत; त्यांची खिचडी करण्याची माझी इच्छा नाही. परंतु बौद्ध मानसशास्त्राचा गाभा समजावून घ्यावयास याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही. थापटणे सर्वांना सारखेच लागले. लागल्याची जाणीवही सर्वांना झाली असणार. फरक पडला तो त्याच्या पुढच्या क्षणी.

त्या पुढच्या क्षणाचा अभ्यास म्हणजेच बौद्ध मानसशास्त्र होय. डोळा, कान, नाक, जीभ, त्वचा आणि मन अशी सहा द्वारे आहेत. द्वाराशी विषय येऊन भिडला म्हणजे ‘स्पर्श’ होतो. स्पर्शातून ‘वेदना’ उपजते. येथे एक सावधगिरी हवी. मराठीत वेदना म्हणजे दुःख; परंतु पालीत वेदना म्हणजे केवळ अनुभूती. ती सुखद असेल, दुःखद असेल, किंवा दोन्हीही नसेल. वेदनेतून ‘तृष्णा’ जन्मते: सुखद असेल तर आणखी हवी, दुःखद असेल तर नको. तृष्णा घट्ट झाली की तिचे ‘उपादान’ होते, म्हणजे मूठ आवळली जाते. मग ‘मला हे पाहिजेच’, ‘मी त्याला सोडणार नाही’ असे आपण म्हणू लागतो. या साखळीला प्रतीत्यसमुत्पाद म्हणतात. तिच्या बारा कड्यांपैकी आज आपल्या उपयोगाच्या एवढ्या चारच मी सांगितल्या.

आता विचार करा, ही साखळी कोठे तुटू शकते? कान आहेत तोवर शब्द कानी पडणारच, आणि कठोर शब्द टोचणारच. स्पर्श व वेदना आपल्या हातात नाहीत. परंतु वेदना आणि तृष्णा यांच्यामध्ये एक फट आहे. ती फार अरुंद आहे, डोळ्याचे पाते लवते न लवते एवढीच. म्हणून आपल्याला ती दिसत नाही आणि आपण समजतो की, ‘तो बोलला म्हणून मी रागावलो’. वास्तविक तो बोलला, मला टोचले, आणि त्यानंतर मी रागावलो. या मधल्या फटीत जागे राहता येणे हीच अंतर्मुक्तीची सुरुवात होय.

त्या जागेपणाला पालीत ‘सति’ म्हणतात. संस्कृतातला शब्द ‘स्मृती’. येथे स्मृती म्हणजे जुन्या आठवणी नव्हेत, तर आत्ता काय चालले आहे याचे भान होय. स्मृतीला सुत्तांमध्ये नगराच्या द्वारपाळाची उपमा दिलेली आहे. आपण परंड्याचा किंवा नळदुर्गाचा किल्ला पाहिला आहे. तट भक्कम आहे, भोवती पाणी आहे, परंतु दरवाजावरचा माणूस झोपला तर या साऱ्याचा उपयोग काय? शहाणा द्वारपाळ येणाऱ्या प्रत्येकाशी भांडत बसत नाही. तो चेहरा ओळखतो, आपल्याला आत सोडतो व परक्याला बाहेर ठेवतो. त्याप्रमाणे ‘हा राग आला’, ‘हा मत्सर आला’, ‘ही लोकलज्जेची भीती आली’ अशी ओळख पटली की त्या विकाराचे निम्मे बळ तेथेच सरते.

कोणी म्हणेल, लक्ष एकाग्र करणे तर चोरालाही जमते. हा आक्षेप रास्त आहे, आणि अभिधम्माने त्याचा विचार केलेला आहे. तेथे मनाच्या वृत्ती, म्हणजे चेतसिके, ५२ मोजली आहेत. त्यांत एकाग्रता ही प्रत्येक चित्तात थोडीबहुत असतेच असे सांगितले आहे. चोराच्या चित्तातही ती असते. स्मृतीची गणना मात्र शोभन वृत्तींत केलेली आहे. लोभाने किंवा द्वेषाने भरलेल्या चित्तात ती राहू शकत नाही. पाण्यात एका पायावर उभा असलेला बगळा एकाग्र असतो. पण त्याला आपण साधू म्हणत नाही, ढोंगाला बकध्यान म्हणतो. आपल्या भाषेने हा भेद केव्हाच ओळखलेला आहे.

हे ज्ञान मराठीत आणण्याचे मोठे श्रेय ज्या पुरुषाला आहे, त्याचे नाव घेतल्यावाचून पुढे जाणे योग्य नव्हे. आचार्य धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १८७६ साली गोव्यात सांखवाळ येथे झाला. शाळेचे शिक्षण बेताचेच झाले होते. १८९९ साली बुद्धाचा धर्म जाणण्याच्या ध्यासाने त्यांनी घर सोडले. पुणे, काशी, नेपाळ, बुद्धगया असा प्रवास करीत ते सिंहलद्वीपाला गेले, तेथे पाली शिकले व श्रामणेर झाले. पुढे ब्रह्मदेशात त्यांनी ध्यानाचा अभ्यास केला. परत आल्यावर कलकत्ता विद्यापीठात शिकविण्याचे काम मिळाले, परंतु महाराष्ट्रात राहून मराठी वाचकांसाठी लिहावे म्हणून ते त्यांनी सोडले, आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दिलेल्या मासिक ५० रुपयांवर संतोष मानला. ‘समाधिमार्ग’, ‘भगवान बुद्ध’ हे त्यांचे ग्रंथ आजही वाचनीय आहेत. बुद्धघोषाचार्यांच्या ‘विसुद्धिमग्ग’ या थोर ग्रंथाच्या संपादनासाठी ते अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात गेले. ते संपादन १९५० साली प्रसिद्ध झाले, पण ते पाहावयास आचार्य हयात नव्हते. १९४७ साली सेवाग्राम येथे त्यांनी देह ठेवला होता. शाळा सुटली म्हणजे शिक्षण सुटले असे समजणाऱ्या आपल्या तरुणांनी हे चरित्र अवश्य वाचावे.

याच ‘विसुद्धिमग्गा’त साधनेची एक उपमा आहे, ती आपल्यासारख्या शेतकऱ्यांना सहज पटेल. नवे अवखळ वासरू माणसाळवायचे असेल तर त्याला खुंट्याला बांधतात. ते हिसके देते, इकडेतिकडे ओढते, पण दावे तुटत नाही असे पाहून अखेरीस खुंट्याजवळच बसते. मन हे वासरू, श्वास हा खुंटा आणि स्मृती हे दावे. रीत अगदी साधी आहे. पाठ ताठ ठेवून बसावे. श्वास आत आला, बाहेर गेला, एवढे जाणावे. तो लांब करू नये की रोखू नये. मन बाजारात गेले, कोर्टकचेरीत गेले, तर रागे न भरता परत आणावे. पुढे हेच भान चार ठिकाणी ठेवावयाचे असते: शरीर, वेदना, चित्त, आणि चित्तात येणारे धर्म, म्हणजे विषय व वृत्ती. यांनाच चार स्मृत्युपस्थाने म्हणतात.

‘यासाठी वेळ कोणाला आहे?’ असे माझ्या भगिनी विचारतील. त्यांना मी एवढेच सांगेन की, हे भान त्यांना अपरिचित नाही. काठोकाठ भरलेले तेलाचे पात्र डोक्यावर घेऊन गर्दीतून चालणाऱ्या माणसाची उपमा बुद्धांनी स्मृतीला दिली आहे. आपल्याकडे दुष्काळात डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन, ठेचाळत्या वाटेने, थेंबही न सांडता बायाबापड्या चाललेल्या आपण पाहिल्या आहेत. तेच अवधान भाकरी थापताना, धार काढताना, आणि सुनेशी किंवा सासूशी बोलताना ठेवावयाचे आहे. शेवटचे सर्वांत अवघड, हे मी मान्य करतो!

आता एका गंभीर गोष्टीकडे वळतो. बुद्धांनी दोन बाणांचा दृष्टांत दिला आहे. माणसाला एक बाण लागतो. तो शरीराचे किंवा परिस्थितीचे दुःख. त्यावर शोक, संताप आणि धास्ती करून तो स्वतःला दुसरा बाण मारून घेतो. आपल्या जिल्ह्याला पहिल्या बाणांची वाण कधीच नव्हती. १९७२ चा दुष्काळ झाला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने लातूरबरोबर आपल्याही उमरगा-लोहारा भागातील गावे क्षणात जमीनदोस्त केली. पुढेही दुष्काळ येतच राहिले. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्यांत आपल्या जिल्ह्याचे नाव वारंवार आले, हे आपणास ठाऊक आहे. ज्या घरातून असा कर्ता माणूस गेला, त्या घरापुढे उभे राहून ‘मन शांत ठेवा’ असा उपदेश करणे हे क्रौर्य होईल. पहिला बाण काढलाच पाहिजे. पाणी, भाव, कर्जाची रास्त व्यवस्था यांसाठी झटलेच पाहिजे. परंतु दुसऱ्या बाणाचेही औषध हवे. ‘आता माझी लाज गेली, मी तोंड कोणाला दाखवू?’ हा विचार म्हणजे दुसरा बाण. तो विचार आहे, सत्य नव्हे, असे त्या घटकेला ओळखता आले, किंवा ओळखून देणारा कोणी जवळ बसलेला असला, तर ती घटका टळू शकते. आणि मन सारखे खचत असेल, झोप-अन्न तुटले असेल, तर केवळ ध्यानावर विसंबू नये, वैद्यकीय उपचार घ्यावेत. त्यात कमीपणा नाही.

ही साधना माणसाला निष्क्रिय करते असाही एक समज आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बौद्ध धम्म स्वीकारला, तो अन्यायापुढे मान तुकविण्यासाठी खासच नव्हे. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी माणसाचे माणसाशी असलेले नाते हाच धम्माचा विषय मानला आहे. शांत मनाचा माणूस अन्यायाशी अधिक काळ व अधिक शहाणपणाने झुंजतो. संतापाने पेटलेला लवकर विझतो.

ब्रह्मदेशात जपली गेलेली विपश्यनेची परंपरा १९६९ साली सत्यनारायण गोयंका यांनी भारतात पुन्हा आणली, व १९७६ मध्ये आपल्याच महाराष्ट्रात इगतपुरी येथे धम्मगिरी केंद्र उभे राहिले. १९९४ साली दिल्लीच्या तिहार तुरुंगात हजारावर बंदिवानांनी दहा दिवसांचे शिबिर केले. बाहेरची मुक्ती नसतानाही आतली कमावता येते, याचा तो धडाच नव्हे काय? अमेरिकेतही १९७९ पासून जॉन कबाट-झिन नावाच्या अध्यापकाने दीर्घ दुखण्याच्या रोग्यांसाठी हीच साधना रुग्णालयात नेली.

तेव्हा बंधुभगिनींनो, माझी एक नम्र सूचना आहे. आपल्या मंडळात लग्नाच्या याद्या होतात, वाटण्यांचे तंटे मिटवावयास माणसे बसतात. अशा बैठकीपूर्वी सर्वांनी दहा मिनिटे शांत बसून केवळ आपला श्वास पाहावा. मग कोणता खर्च आपल्याला खरोखर हवा आहे आणि कोणता लोकांच्या डोळ्यांच्या धाकाने होत आहे, हे ज्याचे त्याला दिसेल. एखाद्या घराचे कर्ज टळले, दोन भाऊ पुन्हा एका ओसरीवर बसले, तरी हे व्याख्यान सार्थकी लागले असे मी समजेन.

नामदेवांचे मडके त्या दिवशी कच्चे ठरले. परंतु पुढे विसोबा खेचरांना गुरू करून ते असे पक्के झाले की त्यांचे नाव पंजाबपर्यंत गेले. कच्चेपणा हा मडक्याचा कायमचा दोष नव्हे. त्याला आव्याचा ताव मिळावा लागतो इतकेच. आपणा सर्वांना तो ताव सोसण्याचे धैर्य लाभो अशी इच्छा प्रकट करतो.