कूट म्हणजे दाणेच

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत मंडळाच्या भोजन समितीच्या वतीने झालेले भाषण)



या व्यासपीठावरून आजवर संतवाङ्मयापासून पोलादनिर्मितीपर्यंत अनेक विषयांवर जाणकारांची व्याख्याने झाली. आम्ही पडलो मंडळाच्या स्वयंपाकघरात राबणारी माणसे. आम्हांला बोलावयास सांगितले तेव्हा विषय शोधावा लागला नाही. तो आमच्या फडताळातील डब्यातच होता. भुईमुगाचे दाणे हा तो विषय. तो कोणाला हलका वाटेल. आमच्या मनावर मात्र गेली तीन वर्षे त्याचे ओझे आहे, हे प्रारंभीच सांगून टाकतो.

दामोदरकाठच्या या पोलादनगरीत आपल्यापैकी पहिली कुटुंबे आली तेव्हा बाजारात शेंगदाणे मागितले की दुकानदार नुसता पाहत राही. 'चिनेबादाम' म्हणावयाचे, हे कळेपर्यंत काही दिवस गेले. तेही येथे मूठभर घ्यावयाचे, झालमुडीत टाकावयाला किंवा रेल्वेच्या प्रवासात सोलून खावयाला. एकदम दोन किलो मागणाऱ्या आमच्या एका काकूंना दुकानदाराने 'झालमुडीची गाडी टाकली काय?' असे विचारले होते, ती गोष्ट त्या अजून हसत सांगतात.

नावात चीन असला तरी भुईमूग मूळचा चीनचा नव्हे, आणि आपलाही नव्हे. तो दक्षिण अमेरिकेतला, आजच्या बोलिव्हिया व उत्तर अर्जेंटिनाच्या परिसरातला. एकादशीच्या फराळाकडे या दृष्टीने एकदा पाहावे. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, बटाटा, मिरची आणि दाणे, ही चारही मंडळी अमेरिकेतून आलेली! परमुलखात येऊन घरचीच झालेली ही मंडळी, म्हणून आपल्याला त्यांच्याविषयी थोडी अधिक आपुलकी वाटली तर नवल नाही. भुईमुगाला इंग्रजीत बदाम-आक्रोडांच्या पंक्तीला बसविणारे नाव मिळाले असले तरी तो कुळाने मटकी-हरभऱ्याचा भाऊ, कडधान्यच. फूल येते जमिनीवर. फळ धरले की आऱ्या खाली वाकून मातीत शिरतात आणि शेंग अंधारात पोसते.

दाण्यात सुमारे चौथा हिस्सा प्रथिने आणि जवळजवळ अर्धे तेल. तेल काढून उरलेली पेंड गुरांना, टरफले चुलीला. अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर या कृषिशास्त्रज्ञाने १९१६ साली भुईमुगाचे १०५ खाद्यप्रकार सांगणारी पुस्तिका काढली. आमच्या समितीतील सोलापूरच्या भगिनी म्हणतात की, त्यात शेंगांची पोळी असल्याखेरीज ती पुस्तिका पुरी मानावयाची नाही. फ्रान्समधील आंद्रे ब्रियाँ यांनी १९९६ साली दाण्याचे वाटण, दूधभुकटी, साखर व तेल यांपासून कुपोषित मुलांसाठी एक तयार अन्न सिद्ध केले. त्याला ना शिजविणे लागते ना पाणी. दुष्काळाच्या छावण्यांतून त्याने असंख्य मुलांना हात दिला आहे.

आपल्याकडे मात्र दाण्याचा खरा अवतार म्हणजे कूट. चटणीत आणि चिक्कीत दाणा डोळ्यांना दिसतो. कूट दिसत नाही. भरल्या वांग्यांच्या रसाला तो दाटपणा देतो, काकडीच्या कोशिंबिरीचे सुटलेले पाणी धरून ठेवतो, उपासाच्या आमटीला अंग आणतो आणि स्वतः नाहीसा होतो. हाच त्याचा गुण, आणि याच गुणाने आमचा घात केला.

तीन वर्षांपूर्वीच्या गणेशोत्सवातील महाप्रसादाची ही गोष्ट. आपल्या एका सभासदांचा चार वर्षांचा नातू बंगळूरहून आला होता. त्याला दाणे चालत नाहीत, हे त्याच्या आईला ठाऊक होते. कोशिंबीर वाढताना तिने विचारले, "काकू, यात दाणे नाहीत ना?" आम्ही म्हटले, "नाहीत गं, निर्धास्त वाढ." आम्ही खोटे बोललो नव्हतो. आमच्या लेखी दाणे म्हणजे अख्खे दाणे. कूट हे जणू मिठासारखे, पदार्थात असावयाचेच. एक चमचा कोशिंबीर त्याच्या पोटात गेली. दहा मिनिटांत ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, खोकला सुरू झाला आणि आवाज घोगरा झाला. कोणी म्हणाले पित्त आहे, सोलकढी द्या. कोणी पाठीवरून हात फिरवू लागले. सुदैवाने पंगतीत आपले एक डॉक्टर सभासद होते. त्यांनी मुलाला उचलून गाडीत आडवे केले. रुग्णालयात मांडीच्या स्नायूत अॅड्रेनॅलिन दिल्यावर काही मिनिटांत श्वास मोकळा झाला. रात्रभर त्याला देखरेखीखाली ठेवले. बरे वाटल्यावरही काही तासांनी लक्षणे उलटू शकतात, असे आम्हांला सांगण्यात आले. आजी पहाटेपर्यंत एकच वाक्य बोलत होत्या: "आमच्या घरात दाण्याने कधी कोणाला काही झाले नाही हो!"

दाणे खवट होते काय, असेही पुष्कळांनी विचारले. बुरशी धरलेले दाणे टाकूनच द्यावेत. त्यांतील अफ्लाटॉक्सिन यकृताला घातक असते आणि भाजल्याने ते पुरते जात नाही. पण तो प्रश्न निराळा. त्या दिवशीचे दाणे उत्तम होते. अॅलर्जीत दोष दाण्याचा नसतो. शरीराची संरक्षक यंत्रणा दाण्यातील निरुपद्रवी प्रथिनांना शत्रू समजते आणि त्यांच्यावर तुटून पडते. ती प्रथिने भाजून वा शिजवून निघून जात नाहीत. चांगल्या शुद्धीकरणाने रिफाइंड तेलातून ती जवळजवळ निघून जातात. घाण्याच्या तेलात राहू शकतात. दाणे खाल्ल्यावर आंबट ढेकर येणे ही अॅलर्जी नव्हे. परंतु गांधी, सूज, उलटी, धाप, चक्कर ही मिनिटांत किंवा फार तर दोनएक तासांत दिसू लागली तर घरगुती उपायांत वेळ दवडू नये. अॅलर्जीच्या साध्या गोळीने बंद होणारा घसा उघडत नाही. तेथे अॅड्रेनॅलिनच हवे. रुग्णाला उभे करू नये, चालवू नये. "थोडे थोडे खाल्ले की सवय होते" हा प्रयोग घरी तर मुळीच करू नये.

मग तान्ह्या बाळांना दाणे द्यावयाचेच नाहीत काय? येथे शास्त्राने स्वतःचे मत बदलले आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २००० साली अॅलर्जीचा धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत दाणे टाळावेत असे सांगितले होते. २००८ साली तो सल्ला मागे घेतला. लंडनमध्ये गिडियन लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीव्र इसब किंवा अंड्याची अॅलर्जी असलेल्या ६४० बाळांचा अभ्यास केला. चार ते अकरा महिन्यांच्या वयात ज्यांना दाण्याचे पदार्थ नियमित सुरू केले, त्यांच्यात पाचव्या वर्षी ही अॅलर्जी सुमारे चार-पंचमांशाने कमी आढळली. हे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. वरणभातात चिमूटभर कूट कालविणाऱ्या आपल्या आज्यांना हे वाचून समाधान वाटेल! तरीही अशा बाळांच्या बाबतीत आधी डॉक्टरांना विचारावे. आणि अख्खा दाणा लहान मुलाच्या हाती देऊच नये. तो श्वासनलिकेत अडकतो.

त्या प्रसंगानंतर काहींनी मंडळातून दाणे हद्दपार करण्याची सूचना मांडली. आम्ही ती मान्य केली नाही. वर्षातून चार वेळा एकत्र जेवणाऱ्या माणसांच्या पानातून भरली वांगी काढून घेणे आम्हांला जमले नाही. त्याऐवजी प्रत्येक पातेल्यापुढे 'कूट आहे' किंवा 'कूट नाही' अशी पाटी लावतो. कूट नसलेले पदार्थ आधी, वेगळ्या भांड्यांत करतो, आणि त्यांची पळी दुसऱ्या पातेल्यात जाऊ देत नाही. कोशिंबिरीत कुटाऐवजी ओले खोबरे घालतो. नारळाला बंगालमध्ये तोटा नाही. आमच्या रत्नागिरीच्या वहिनी यावर म्हणाल्या, "आम्ही तर पूर्वीपासून अशीच करतो, तुम्हां देशावरच्यांनाच कुटाचे वेड!" तो वाद अद्याप मिटलेला नाही. आग्रहाची रीतही बदलली आहे. "एक घास घ्याच" म्हणण्याआधी आम्ही आता "काही चालत नाही का?" असे विचारतो. प्रथम हे फार परके वाटले.

तो मुलगा आता सात वर्षांचा आहे. मोठेपणी ही अॅलर्जी काहींची जाते, बहुतेकांची राहते. त्याची आहे तशीच आहे. सुवर्णमहोत्सवाच्या पंगतीला तो येणार आहे. त्याच्या आजींनी आम्हांला आताच बजावून ठेवले आहे की, त्याच्या पानावर वाढावयाला त्या स्वतः उभ्या राहतील, आणि त्याआधी सारी पातेली स्वतः उघडून पाहतील.