मुलं शोधतात, पण आपलं बेळगाव त्यांना सापडतं का?



शाळेत प्रकल्प दिला की आपली मुलं आता पहिल्यांदा मोबाईल हातात घेतात. त्यात वावगं काही नाही. प्रश्न आहे, ती काय विचारतात आणि त्यांच्यापुढं काय येतं याचा.

समजा विषय आहे, 'माझ्या गावाचा इतिहास'. मराठी शाळेतलं पोरसुद्धा बऱ्याचदा इंग्रजी अक्षरांत टाईप करतं. मग इंग्रजी पानं वर येतात, पहिला परिच्छेद वहीत उतरतो आणि प्रकल्प संपतो!

आपल्या गावाची तर नावंच तीन. मराठीत बेळगाव, हिंदीत बेलगाम, आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर बेळगावी. एकाच नावानं शोधलं तर बाकीचं हुकतं. १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली इथं काँग्रेसचं अधिवेशन झालं, ते कुठल्याही भाषेत सापडेल. पण १९४६ साली ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली इथंच मराठी साहित्य संमेलन भरलं आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, ते नीट वाचायचं तर मराठीतच विचारावं लागतं.

म्हणून मुलांना तीन सवयी लावूया. एक, देवनागरीत शोधायचं आणि गावाची सगळी नावं टाकून बघायची. दोन, पान कुणी लिहिलंय, कधी लिहिलंय ते बघायचं. सीमाप्रश्नावर तर दोन्ही बाजूंचं वाचायचं. आपली बाजू न्यायाची आहे, तिला तपासणीची भीती कशाला? तीन, मिळालेली माहिती मराठी विश्वकोशाशी किंवा वाचनालयातल्या पुस्तकाशी ताडून घ्यायची, आणि घरातल्या आजी-आजोबांनाही विचारायचं.

आता आपल्या मोठ्यांचं. मराठीतून परिपत्रकं द्या म्हणून आपण मोर्चे काढतो. तो हक्क आहे, मागायलाच हवा. पण आपली स्वतःची पत्रकं, स्मरणिका, हुतात्म्यांची माहिती कुठं आहे? फोटो काढून व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर! काही आहे ते जुन्या फॉन्टमधल्या पीडीएफमध्ये. तिथली अक्षरं आपल्याला दिसतात, शोधणाऱ्या यंत्राला बहुधा वाचता येत नाहीत. मग पोरानं कितीही शुद्ध मराठीत विचारलं तरी हाताला काय लागणार? दुसऱ्यांनी लिहिलेलं. आपल्याच गावाची ओळख त्याला दुसऱ्यांच्या शब्दांत होणार.

यावर उपाय आपल्या हातात आहे. प्रत्येक गावातल्या युवक मंडळानं आपल्या गावाचं एक पान युनिकोड मराठीत टाईप करावं. गावाची जुनी-नवी नावं, शाळा कधी सुरू झाली, सीमालढ्यात कोण कोण होतं, आणि ही माहिती कुठल्या कागदावरून घेतली किंवा कुणी सांगितली, एवढं त्यात असावं. मग ते सगळ्यांना उघडता येईल अशा ठिकाणी ठेवावं. काम एका रविवारचं आहे. मुलं शोधायला कधीच निघालीत, त्यांना सापडेल असं आपण काहीतरी लिहून ठेवूया.

जय महाराष्ट्र!