माघारीची वाट राखून पुढे चला



गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ संध्याकाळी घरी आले. मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, कबड्डीत चांगला चढाईपटू. एका व्यावसायिक संघाकडून त्याला विचारणा आली होती. गृहस्थ म्हणाले, "कर्नलसाहेब, तुमचं तो ऐकेल. कॉलेज सोडू नको, एवढं सांगा त्याला." मी म्हटलं, "सांगतो. पण आधी त्याचं ऐकून घेतो."

दुसऱ्या दिवशी मुलगा आला. म्हणाला, "काका, डिग्री तिशीतही मिळेल. पण हे पाय तिशीत असेच राहतील का?"

खरं सांगतो, मला चटकन उत्तर सुचलं नाही. कारण मुलाचं म्हणणं खोटं नव्हतं.

प्रो कबड्डी 2014 मध्ये सुरू झाली. 2023 च्या लिलावात पवन सेहरावतवर 2 कोटी 60 लाखांची बोली लागली. गावच्या मातीतल्या खेळाला असे दिवस येतील, असं माझ्या तरुणपणी कुणी सांगितलं असतं तर आम्ही हसलो असतो. पण लक्षात घ्या, संघ आहेत 12, आणि मोसम चालतो काही महिने. वर्तमानपत्रात येतो तो शिखरावरचा आकडा. पायथ्याशी उभ्या असलेल्या मुलांचे आकडे कुणी छापत नाही.

अमेरिकेत हा प्रश्न जुना आहे. तिथे बास्केटबॉलचे बहुतेक व्यावसायिक खेळाडू कॉलेजांतून येतात. शकील ओ'नील 1992 मध्ये तीन वर्षांनंतर कॉलेज सोडून व्यावसायिक झाला. टिम डंकनने मात्र चारही वर्षं पुरी केली, कारण आईला तसा शब्द दिला होता, आणि ती तर तो लहान असतानाच गेली होती. 1997 च्या निवडीत तोच पहिला आला आणि पुढे पाच वेळा विजेता झाला. ओ'नीलनेही आईला शब्द दिला होता. 2000 मध्ये, मोठा खेळाडू झाल्यावर, एक सामना सोडून तो पदवी घ्यायला गेला. म्हणजे एक थांबून पोहोचला, दुसरा जाऊन परत आला. यातलं कोण चुकलं? माझ्या मते कुणीच नाही. परतीची वाट दोघांनीही मोडली नव्हती.

आता 2021 पासून तिथे कॉलेजात शिकतानाच खेळाडूला स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे मिळवता येतात. त्यामुळे "शिक्षण की पैसा" हा प्रश्न तिथे थोडा सैल झाला. आपल्याकडे तो अजून घट्ट आहे.

आपल्याकडे एक तिसरी वाटही आहे, ती मला जवळची. बीड जिल्ह्यातला अविनाश साबळे बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये भरती झाला. सियाचिनला राहिला. धावायला लागला तो फौजेत आल्यावर. 2022 मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, 2023 मध्ये आशियाई स्पर्धेत सुवर्ण. पगार चालू, घर चालू, आणि खेळही चालू. पण प्रत्येकाचा साबळे होत नाही, हे मी स्वतः पाहिलंय.

माझ्या हाताखाली एक मुष्टियोद्धा होता. कॉलेजचं दुसरं वर्ष अर्धवट टाकून भरती झालेला. एकदा तो परीक्षेसाठी रजा मागायला आला. समोर आंतरसेना स्पर्धा होत्या. मी म्हटलं, "पुढच्या वर्षी दे." त्या स्पर्धेत त्याचा खांदा निखळला, आणि नंतर तो पूर्वीसारखा कधी झालाच नाही. पुढच्या वर्षी पोस्टिंग आलं, मग लग्न, मग मुलं. निवृत्त झाल्यावर त्याला शाळेत खेळाचा शिक्षक व्हायचं होतं. बी.पी.एड.ला आधी पदवी लागते. आता तो एका गोदामावर रात्रपाळी करतो. फोन करतो तेव्हा मला "साब"च म्हणतो, तक्रार एका शब्दाने करत नाही. ती रजा मी द्यायला हवी होती.

फौजेत हल्ल्याची योजना आखताना माघारीची वाटही नकाशावर आखतात. त्याला कुणी भित्रेपणा म्हणत नाही. ती वाट ठाऊक असली की माणूस उलट जास्त जोमाने पुढे जातो.

म्हणून मी त्या मुलाला तीनच प्रश्न दिले. पहिला: करार किती महिन्यांचा, आणि दुखापत झाली तर उपचाराचा खर्च कुणाचा? हे तोंडी नको, कागदावर हवं. दुसरा: तुझं कॉलेज तुझी जागा राखणार आहे का? नव्या शैक्षणिक धोरणात एक वर्ष पुरं केलं तर प्रमाणपत्र, दोन केली तर पदविका, आणि मिळवलेले श्रेयांक जमा राहतात. पण हे तुझ्या विद्यापीठात लागू आहे का, ते कार्यालयात जाऊन विचार. नसेल तर मुक्त विद्यापीठ आहे. निदान हातातलं वर्ष मध्येच सोडू नकोस. तिसरा: खेळ संपल्यावर पहिल्या सोमवारी सकाळी उठून तू काय करणार?

तिसऱ्या प्रश्नावर तो बराच वेळ गप्प बसला. मला ते आवडलं.

वडिलांनाही मी एक गोष्ट सांगितली. नाही म्हणून त्याला थांबवलंत, तर तो कॉलेजात बसेल, पण शिकणार नाही. आणि जन्मभर तुमच्याकडे बघून म्हणेल, मला एकदा संधी आली होती.

परवा बापलेक जिन्यात भेटले. करार वकिलाला दाखवायला निघाले होते, आणि वाटेत परीक्षेचा फॉर्मही भरायचा होता. दोन्ही कागद एकाच पिशवीत होते.

तुमच्या घरात असा मुलगा किंवा मुलगी असेल, तर उत्तर देण्याची घाई करू नका. आधी त्यांच्याबरोबर ती पिशवी भरा.

जय हिंद.