वाट, आळी, गल्ली, बोळ : नगररस्त्यांची शब्दसंपदा

(शतकमहोत्सवी व्याख्यानमालेत बेळगाव येथे दिलेले भाषण)



शतक पूर्ण करणाऱ्या ग्रंथालयाच्या व्यासपीठावरून एखाद्या थोर ग्रंथाविषयी बोलावे, असा संकेत आहे. मी मात्र आपल्याला ग्रंथालयाच्या दाराबाहेर नेणार आहे. पायरी उतरून आपण ज्यावर पाऊल ठेवतो, त्याला मराठीत काय काय म्हणतात आणि त्या शब्दांचे पुढे काय व्हावे, एवढाच माझा विषय आहे.

प्रथम चार धाकटे-थोरले शब्द घेऊ. 'वाट' हा त्यांतला सर्वांत घरचा. संस्कृत 'वर्त्मन्' प्राकृतातून उतरत आपल्याकडे आला आणि इतका मुरला, की वाटसरू, वाटाड्या, वाटखर्ची, वाटमारी, वहिवाट असा त्याचा मोठा गोतावळा झाला. वाट कोणी बांधत नाही. ती पायांनी पडते. 'मार्ग' हा तत्सम आणि म्हणून प्रतिष्ठित. तो धर्माला, मोक्षाला आणि नगरपालिकेच्या पाटीला शोभतो. 'रस्ता' फारसीतून आला. 'रास्त भाव' या प्रयोगातला 'रास्त' त्याचाच सगोत्र असून सरळपणा हा दोघांचा मूळ अर्थ. 'सडक' हिंदीच्या सोबतीने आली. ती खडी टाकून, दाबून पक्की केलेली. म्हणून आपण वाट पाहतो, मार्ग काढतो आणि दिवाळे निघाले तर रस्त्यावर येतो. यांतला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी बसवून पाहा. वाक्य बसत नाही. पर्यायी शब्द असे ज्यांना आपण कोशात म्हणतो, ते व्यवहारात एकमेकांचे पर्याय नसतात, याचा हा सोपा पुरावा.

शहराच्या पोटात शिरलो की ही वाटणी अधिक बारीक होते. 'आळी' म्हणजे ओळ. घरांची रांग आणि तिच्यापुढची जागा मिळून आळी होते. पुण्याची तांबट आळी, बुरूड आळी या रांगांना तिथल्या कारागिरांनी नाव दिले. 'पेठ' ही बाजाराची वसाहत. कन्नडमधील 'पेटे' आणि आपली 'पेठ' यांचे नाते कानालाच जाणवते. 'बोळ' अरुंद, समोरून कोणी आले तर अंग चोरावे लागते. 'बोळकांडी' त्याहून चिंचोळी, दोन भिंतींमधून जेमतेम वाट देणारी. कोकणात जांभ्या दगडाची बांधलेली, पायऱ्यापायऱ्यांची 'पाखाडी' असते, तर दोन कुंपणांमधून शेताकडे जाते ती 'पाणंद'. हा शब्द जुना झाला असे कोणी समजू नये. महाराष्ट्र शासनाने 2021 साली शेतरस्त्यांसाठी योजना आखली, तेव्हा तिच्या नावात 'पाणंद' याच शब्दाला स्थान मिळाले.

आता आपल्या बेळगावकडे वळू. पुण्याची आळी इथे फारशी आढळत नाही. इथे राज्य गल्लीचे. गणपत गल्ली, मारुती गल्ली, रामलिंगखिंड गल्ली, अनंतशयन गल्ली. आपल्याकडे गल्ली ही नुसती जाण्यायेण्याची जागा नव्हे. तिला पंचमंडळी असतात, तिचा गणपती असतो, तिच्या लग्नकार्याला आणि मर्तिकाला माणसे न बोलावता जमतात. अनोळखी माणसाला आपण "आपण कुठल्या गल्लीतले?" असे विचारतो, तेव्हा घर क्रमांक नको असतो, त्याचे आपल्याशी नाते काय, ते हवे असते.

रस्ते जिथे भेटतात, त्या जागांनाही मराठीने वेगवेगळी नावे दिली. तीन वाटा मिळाल्या की 'तिठा', चार मिळाल्या की 'चव्हाटा'. चव्हाट्यावर दैवताचे ठाणे असते आणि घरची भांडणेही तिथेच येतात, हे आपल्या वाक्प्रचाराला ठाऊक आहे. आपली चव्हाट गल्ली तो शब्द आजही मिरवते. गाव जिथे संपे, तिथे 'वेस'. बेळगावला तट वा दरवाजा दिसो न दिसो, काकतीवेस काकती गावाची दिशा दाखवते. बोगारवेशीच्या नावात, तांब्यापितळेची भांडी घडवणाऱ्या कारागिरांसाठी असलेला कन्नड 'बोगार' शब्द जपलेला आहे.

कन्नडचा उल्लेख आलाच आहे, तर आणखी दोन शब्द. आपल्या जुन्या मराठीत रस्त्याला 'बिदी' म्हणत. संस्कृत 'वीथी'पासून आलेला हा शब्द आपण टाकला. कन्नडमध्ये 'बीदि' या रूपाने तो रोज बोलला जातो. टेंगिनकेरी गल्लीच्या नावात 'तेंगु' म्हणजे नारळ आणि 'केरी' म्हणजे वस्ती वा आळी हे कन्नड शब्द ऐकू येतात, आणि वर आपली 'गल्ली' आहेच. दोन भाषांनी एकाच दारावर आपापली पाटी लावली आणि दोन्ही टिकल्या. शेजार म्हणतात तो हाच.

मराठी माणूस जिथे गेला तिथे हा व्यवहार झाला. बडोद्याला तो 'पोळ' म्हणू लागला. हा गुजराती शब्द संस्कृत 'प्रतोली'चा वंशज. उलट ग्वाल्हेरला 1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी पडली आणि त्या छावणीचे 'लष्कर' हेच नाव शहराला मिळाले. इंदूरच्या हिंदी बोलणाऱ्याच्या तोंडीही 'राजवाडा' हा शब्द आपलाच आहे.

नावे इतिहासाचे दप्तर कसे सांभाळतात, याला टिळकवाडीचा काँग्रेस रोड पुरेसा आहे. डिसेंबर 1924 मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली इथे अधिवेशन भरले, हे शाळेत न गेलेल्यालाही तो रस्ता सांगतो. नव्या वसाहतींत मात्र 'पहिला क्रॉस', 'दुसरा क्रॉस', 'मेन' असे आकडे आले. पत्ता सापडायला ते सोयीचे आहेत, हे मान्य. पण आकड्याला आठवण नसते.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. जुन्या आळ्या आणि गल्ल्या जातींनी वाटलेल्या होत्या. कोणी कुठल्या वाटेने जावे आणि कोणी जाऊ नये, हेही त्या नावांनी ठरवले. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर 2020 मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. तो योग्यच होता. मग आपण कशासाठी हळहळतो? व्याकरणाने आपल्याला इथे मोठी मदत केली आहे. विशेषनाम आणि सामान्यनाम यांत ते भेद करते. ज्या विशेषनामाने माणसाचा अवमान होतो, ते जावे. त्याच्या मागचे सामान्यनाम, आळी, बोळ, पाणंद, तिठा, यांनी कोणाचा अपराध केलेला नाही. पाटी बदलताना 'अमुक आळी'चे 'तमुक नगर' करण्यापेक्षा 'तमुक आळी' करता येते. अपमान पुसला जातो आणि शब्द राहतो.

मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती 1857 ची. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे खंड 1932 ते 1938 या काळात निघाले. दोन्ही आपल्या कपाटांत असावेत, आणि असतील. पण सीमेवरच्या आपल्या गल्लीबोळांत शब्दाला जो वेगळा अर्थ, वेगळा हेल मिळाला, तो टिपण्याचे काम दूरच्या कोशकाराकडून होणार नाही. ग्रंथालयाने एक वही घालावी. प्रत्येक गल्लीतील ज्येष्ठांना विचारून, आपला रस्ता पूर्वी कोणत्या नावाने ओळखला जाई, त्याच्या कोपऱ्याला काय म्हणत, मागच्या बोळाला नाव होते का, हे सभासदांनी तीत उतरवावे. मराठी घरांत विचारावे आणि कन्नड घरांतही विचारावे. सांगणारे ऐंशीच्या घरात आहेत. हे काम पुढच्या महोत्सवापर्यंत थांबणारे नाही.