जरा सरकून घ्या

'बाहेरचे खाऊ नये' हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणी ऐकलेले असते आणि मोठेपणी मोडलेले असते. मीही ते पुष्कळदा मोडले आहे. परंतु आज निरनिराळ्या पदार्थांची वर्णने करून आपल्या तोंडाला पाणी आणावे, एवढाच काही माझा बेत नाही. मला बोलायचे आहे ते पदार्थांविषयी थोडे आणि बाकड्याविषयी जास्त. हॉटेलातले ते लाकडी बाकडे आपण पाहिले असेल. ते चार माणसांसाठी केलेले असते आणि त्यावर सहा माणसे बसतात.

आधी 'हॉटेल' या शब्दाचा खुलासा करतो. इंग्रजांकडे हॉटेल म्हणजे मुक्कामाची जागा. आपण तो शब्द घेतला आणि त्यातला मुक्काम तेवढा काढून टाकला. एस. टी. स्टँडसमोर पत्र्याच्या छपराखाली चहा आणि भजी मिळू लागली, की आपले हॉटेल झाले. तेथे मुक्काम राहू द्या, 'विनाकारण बसू नये' अशी पाटीच भिंतीवर असते. तिच्या शेजारी 'उधारी बंद आहे' ही दुसरी पाटी असते आणि त्या पाटीखालीच गल्ल्यावर उधारीची वही असते. गर्दीच्या वेळी अशा जागी एक वाक्य हटकून कानी पडते. पुण्यामुंबईकडे म्हणतात, "जरा सरकून घ्या." आमच्या कोल्हापूरकडे म्हणतात, "जरा सरका की, पावनं." या वाक्याची किंमत मला फार उशिरा कळली. ती कशी कळली, ते आज सांगतो.

१९९८ सालच्या जून महिन्यातली गोष्ट. वडील मला कॉलेजात घालायला गावाहून कोल्हापूरला आले होते. फी भरून झाली, पावती वडिलांनी टोपीत जपून ठेवली आणि आम्ही स्टँडजवळच्या एका मिसळीच्या हॉटेलात शिरलो. कोल्हापूरची मिसळ आपण खाल्ली असेलच. मटकीची उसळ, वर फरसाण, चिरलेला कांदा, लिंबाची फोड, आणि वरून लालभडक कट. सोबत पावाच्या स्लाइस. वाढपी कटाची किटली घेऊन फिरत असतो आणि मागाल तितका कट वाढतो. मी गावाकडचा पोरगा. त्या वासानेच हुरळून गेलो होतो.

अर्धी मिसळ खाऊन झाली असेल नसेल, तोच एक गृहस्थ आमच्या बाकड्यापाशी आले. परीटघडीचा सदरा, हातात कागदांची पिशवी. ते सहज म्हणाले, "जरा सरका की, पावनं." वडील सरकले नाहीत. ते ताटली घेऊन एकदम उठूनच उभे राहिले. "बसा, बसा. आमचं झालंय," असे म्हणाले. झाले कुठले होते? ताटलीत निम्मी मिसळ तशीच होती. ते गृहस्थ बिचारे ओशाळले. "अवो, बसा की, मावतोय सगळी," असे दोनदा म्हणाले. पण वडील काही बसले नाहीत. हात धुवायच्या मोरीपाशी उभे राहून त्यांनी ताटली संपवली.

श्रोतेहो, मला त्या वेळी वडिलांची लाज वाटली. हे सांगताना बरे वाटत नाही, पण खरे तेच सांगतो. चार शहरी माणसांत आपला बाप असा गावंढळासारखा का वागतो, एवढेच माझ्या मनात आले. मी त्यांच्याबरोबर उठलो नाही. खाली मान घालून पाव कटात बुडवीत राहिलो.

पुढे एम. ए. झालो, नोकरी लागली, राज्यशास्त्र शिकवू लागलो. एकदा सुट्टीत घरी दुसऱ्या दिवशीच्या तासाची तयारी करीत होतो. संविधानाचा पंधरावा अनुच्छेद मोठ्याने वाचीत होतो. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणाही नागरिकाला दुकानांत, उपाहारगृहांत, हॉटेलांत जाण्यास आडकाठी करता येणार नाही, असा त्यातल्या एका कलमाचा आशय आहे. वडील उंबऱ्याशी बसून ऐकत होते. त्यांनी विचारले, "हॉटेलाचं नाव घालून लिवलंय व्हय रं त्यात?" मी म्हणालो, "हो, नाव घालून." मग ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "आमचा कप भायेर असायचा. वळचणीला."

१९६२ च्या सुमाराची ती हकीकत. गावात एकच हॉटेल. आत बाकडी होती, पण आमच्या वस्तीतल्या माणसाने आत जायचे नाही. कान तुटलेला एक कप बाहेर वळचणीला खोचलेला असे. तो आपण काढायचा, पुढे धरायचा, वरून चहा ओतला जाई. पिऊन झाले, की आपणच विसळून पुन्हा तिथे खोचायचा. आणि आतला कोणी बाहेर आला, की उठून बाजूला व्हायचे. ही शेवटची सवय माझ्या वडिलांच्या अंगात इतकी मुरली होती, की छत्तीस वर्षांनी कोल्हापुरात एक भला माणूस 'सरका' म्हणाला, तरी त्यांना 'उठा' असेच ऐकू आले.

आता पाहा. संविधान अमलात आले १९५० साली. अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा कायदा झाला १९५५ साली. पुढे १९७६ मध्ये त्यालाच नागरी हक्क संरक्षण अधिनियम असे नाव मिळाले. त्या कायद्यात उपाहारगृहात प्रवेश करण्याचा हक्क तर आहेच. शिवाय तेथे सर्वांसाठी ठेवलेली भांडी वापरण्याचा हक्क वेगळा नोंदवला आहे. म्हणजे वडिलांच्या त्या कपाचा विचार दिल्लीत बसून कोणी तरी केला होता. पण कायदा दिल्लीहून निघाला तरी आमच्या गावच्या वळचणीपर्यंत पोहोचायला त्याला पुष्कळ वर्षे लागली.

कायद्याच्याही आधी एका राजाने हे काम चहा पिऊन केले होते. राजर्षी शाहू महाराज १९२२ साली निवर्तले. त्याच्या आधीच्या काही वर्षांतली ही गोष्ट. गंगाराम कांबळे नावाच्या अस्पृश्य समाजातील नोकराला पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल मारहाण झाली होती. महाराजांच्या मदतीने त्यांनी कोल्हापुरात भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे हॉटेल काढले. गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज स्वतः तेथे गाडी थांबवून चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही प्यायला लावू लागले. प्रत्यक्ष छत्रपती चहा घेत असताना 'मला नको' असे कोण म्हणणार? भाषणांनी जे झाले नसते, ते कपभर चहाने झाले.

यावर आपल्यापैकी कोणी म्हणेल, "ते सारे ठीक, पण हॉटेलांतली नि गाड्यांवरची अस्वच्छता?" प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. मात्र स्वच्छता आणि सोवळे या दोन गोष्टी आपण एकात एक कालवू नयेत. स्वच्छता ही तेलाची, पाण्याची आणि हाताची असते. सोवळे माणसाची जात विचारते. एके काळी उपाहारगृहांच्या पाट्यांवर 'स्वच्छ' या शब्दाच्या शेजारी मालकाची जातही लिहिलेली असे. जणू एकीवाचून दुसरे संभवत नाही! तेव्हा स्वच्छतेविषयी खुशाल विचारावे, विचारलेच पाहिजे. कढईतले तेल काळे पडून धुरकटलेले आहे का, ते पाहावे. तळणीचे तेल किती बिघडलेले चालेल याचीही आता मर्यादा आहे. १ जुलै २०१८ पासून ती देशभर लागू आहे. भजी छापील कागदात बांधून देत असतील, तर 'शाई लागते, पानावर द्या' म्हणावे. पाण्याचे पिंप झाकलेले आहे का, ते पाहावे. एवढी चौकशी जरूर करावी. मात्र शेजारी कोण बसला आहे, याची चौकशी करू नये.

खरे सांगायचे, तर या बाबतीत हातगाडी हॉटेलाच्याही पुढे गेली आहे. वडापावच घ्या. १९६६ साली दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांनी तो सुरू केला, असे सर्वत्र सांगितले जाते. गिरणगावातला कामगार पाळीला धावत असे. त्याला बसायला सवड नव्हती. पाव, त्यात गरम वडा, लसणाची चटणी, वर तळलेली मिरची. ना कप, ना बशी, ना ताटली. ज्या खाण्याला भांडेच लागत नाही, तेथे कोणाचे भांडे वेगळे ठेवणार? पाणीपुरीच्या गाडीभोवतीचे कोंडाळे पाहा. शाळेतली पोर, बँकेतल्या बाई, हमाल, पोलीस, सारे द्रोण पुढे करून गोलात उभे. भय्या क्रमाने एकेकाला पुरी देत जातो. कोणाची कितवी पुरी झाली हे त्याच्या ध्यानात असते. पाळी आल्याशिवाय कोणाला मिळत नाही, आणि पाळी आली की कोणाची चुकत नाही. नागरिकशास्त्राचा याहून सोपा धडा मला वर्गात देता आलेला नाही.

या गाडीवाल्यालाही शहरात जागा हवी असते. २०१४ साली पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचे संरक्षण करणारा कायदा झाला. शहरात कोठे विक्री व्हावी हे ठरवणाऱ्या समितीत निदान चाळीस टक्के सभासद विक्रेत्यांनीच निवडून दिलेले असावेत, असे त्यात म्हटले आहे. पायी चालणाऱ्याला फुटपाथ हवा, गाडीवाल्याला पोट आहे. दोघांनी एकमेकांना 'जरा सरकून घ्या' म्हणायचे आहे, एवढाच त्या कायद्याचा मथितार्थ.

अलीकडे मात्र मला एक काळजी वाटते. २०२० साली करोनाच्या साथीत हॉटेले बंद झाली, बाकडी टेबलांवर पालथी पडली. ती पुन्हा सरळ झाली खरी; पण तोवर फोनवर बोट ठेवून घरी जेवण मागवायची सवय पुष्कळांना जडली. सोय आहे, आजारी माणसाला, एकट्या म्हाताऱ्याला मोठाच आधार आहे. मीही मागवतो. पण परवा एका मोठ्या इमारतीत मित्राकडे गेलो होतो. लिफ्टपाशी पाटी होती : 'डिलिव्हरी करणाऱ्यांनी ही लिफ्ट वापरू नये.' माझ्यामागे एक मुलगा घामाघूम होऊन उभा होता, पाठीवर कोणाचे तरी गरम जेवण घेऊन. पाटी वाचून तो मुकाट्याने मागच्या बाजूला गेला. जेवण पुढच्या लिफ्टने जाण्याइतके चांगले, आणि ते आणणारा नाही! मला आमच्या गावची वळचण आठवली.

तेथे मी काय केले, असे आपण विचाराल. या वेळी खाली मान घातली नाही. मित्राला सांगितले आणि त्याने सोसायटीच्या सभेत विषय काढायचे कबूल केले आहे. पाटी अजून निघालेली नाही. निघेपर्यंत मी विचारत राहणार आहे.

आणि वडील? २०१९ साली डोळे दाखवायला ते कोल्हापूरला आले होते. मी त्यांना त्याच हॉटेलात नेले. बाकडी बदललेली, गर्दी तीच. कट वाढून झाला, तोच पाठीवर दप्तर लावलेला एक पोरगा ताटली घेऊन जागा शोधीत आला. मी वडिलांकडे पाहिले. त्यांचा हात ताटलीकडे गेला, क्षणभर थांबला. मग ते जागचे न उठता भिंतीकडे वीतभर सरकले आणि म्हणाले, "ये, बस लेकरा. कांदा घे."

श्रोतेहो, त्या वीतभर जागेसाठी माझ्या वडिलांना सत्तावन्न वर्षे लागली. आपल्याला तेवढी लागू नयेत. उद्या-परवा कधी हॉटेलात बसाल आणि कोणी म्हणाले, "जरा सरकून घ्या," तर सरकून घ्या.