हृदयाच्या रक्तपरीक्षेचा आंकडा कसा वाचावा

(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त त्र्यंबकेश्वर येथें भरलेल्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



आजाऱ्यांच्या भेटीस गेलें म्हणजे हल्लीं उशीखालून दोन वस्तू निघतात: एक जपमाळ आणि दुसरा रक्ततपासणीचा कागद. जपमाळेविषयीं मला कोणी कांहीं विचारीत नाहीं. कागद मात्र पुढें करून एखादा म्हणतो, "फादर, आंकडा वाढला, आतां माझें काय होणार?" दुसरा हंसत सांगतो, "आंकडा उतरला, गोळी बंद केली." एकाचें भय आणि दुसऱ्याचें धाडस यांचें मूळ एकच आहे: एकट्या आंकड्यास न्यायाधीश मानणें. मी वैद्य नव्हे. निदान करणें हें डॉक्टरांचें काम. तथापि त्यांचें बोलणें समजण्यापुरतें ज्ञान आपणां सर्वांस असावें.

आपल्या ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी नाशिकास पोहोंचते, तेथें रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ति आहे. पाणी तिच्या पायांशीं आहे, कमरेस लागलें कीं गळ्याशीं आलें, यावरून नाशिककर पुराचा अंदाज घेतात. परंतु "पाणी कमरेस आहे" एवढ्यानें शहाण्याचें समाधान होत नाहीं. तो विचारतो, "चढतें आहे कीं ओसरतें?" हृदयाच्या रक्तपरीक्षेसही हाच प्रश्न विचारावयाचा असतो.

पहिली परीक्षा ट्रोपोनिनची. हें हृदयाच्या स्नायूंतील प्रथिन होय. स्नायूस इजा झाली म्हणजे तें रक्तांत उतरतें. झटका आल्याबरोबर तें दिसेलच असें नाहीं. साधारणतः तीन-चार तासांनीं, आणि नव्या सूक्ष्म पद्धतींत थोडें आधीं, तें वाढलेलें आढळतें व पुढें आठवडाभर किंवा अधिक दिवस रक्तांत राहतें. म्हणून कळ येतांच घेतलेला पहिला नमुना निर्दोष निघाला तरी तो निर्वाळा नव्हे. कांहीं तासांनीं पुन्हां रक्त घेतात आणि दोन आंकड्यांतील फरक पाहतात. ठळक चढउतार दिसला तर इजा ताजी आहे असें समजतात. मूत्रपिंडाच्या जुन्या विकारांत आंकडा वरच असतो, परंतु बहुधा स्थिर राहतो. त्याचीही काळजी घ्यावी लागते, पण तो झटका नव्हे. लांब पल्ल्याची शर्यत धावलेल्या निरोगी माणसांतही ट्रोपोनिन थोडें चढून एक-दोन दिवसांत उतरतें.

येथें एक गोष्ट निक्षून सांगतों. छातींत दडपण, घाम, दम, हातांत किंवा जबड्यांत कळ, असें झालें तर प्रयोगशाळेच्या कागदाची वाट पाहूं नये. मधुमेही माणसांत व स्त्रियांत कधीं कधीं कळ सौम्यच असते. येथून नाशिक सुमारें तीस किलोमीटर. १०८ क्रमांकास हांक मारावी आणि प्रथम ईसीजी काढवावा. पूर दाराशीं आला असतां खूण मोजीत बसणारा बुडतो.

दुसरी परीक्षा कोलेस्टेरॉलची. औषध वा आहार न बदलतांही एकाच माणसाचें एकूण कोलेस्टेरॉल शेंकडा पांच-सहा खालींवर होतें. ट्रायग्लिसराइड तर शेंकडा वीस वा अधिक. तेव्हां २०० चे २०८ झाले म्हणून झोंप उडवून घेऊं नये. शिवाय एलडीएल नांवाचें घातक कोलेस्टेरॉल अनेक ठिकाणीं प्रत्यक्ष मोजीत नाहींत, हिशेबानें काढतात. एकूण २००, एचडीएल ४०, ट्रायग्लिसराइड १५०. त्याचा पंचमांश ३०. दोन्ही वजा जातां एलडीएल १३०. आतां ज्युबिलीचें भोजन आटोपून लगेच कोणी रक्त दिलें आणि ट्रायग्लिसराइड २५० निघालें, तर बाकी आंकडे तेच असतांही एलडीएल ११० दिसेल! हृदय सुधारलें नाहीं. बिर्याणीनें हिशेब बदलला.

आणि गोळीनें आंकडा उतरला तर? बांधामुळें शेत वांचलें म्हणून शेतकरी बांध फोडीत नाहीं. गोळी सोडली कीं कांहीं आठवड्यांत आंकडा पूर्वपदावर येतो. गोळीनें अंग दुखत असेल तर डॉक्टरांस सांगावें. मुकाट्यानें बंद करूं नये.

तिसरी परीक्षा बीएनपीची, किंवा तिच्या जोडीच्या एनटी-प्रोबीएनपीची. हृदयाच्या भिंतीवर ताण पडला म्हणजे हा पदार्थ वाढतो; दम लागणाऱ्याचें हृदय थकलें आहे काय, हें त्यावरून कळण्यास मदत होते. वय व मूत्रपिंडाचे विकार त्यास वाढवितात, स्थूलपणा कमी दाखवितो. म्हणून शेजाऱ्याच्या आंकड्याशीं तुलना व्यर्थ. आपल्याच मागील आंकड्याशीं करावी, आणि दोन्ही वेळां परीक्षा एकच असावी.

आपल्या धर्मग्रामाची बाप्तिस्म्याची वही तारखेवार ठेवलेली असते, म्हणूनच पन्नास वर्षांपूर्वींची नोंद क्षणांत सांपडते. प्रत्येक घरीं रक्ततपासणीचे कागदही तसेच ठेवावे. शक्य तों एकाच प्रयोगशाळेंत जावें. कागदाच्या पाठीवर वेळ, उपास होता कीं नाहीं, कोणती औषधें चालू होतीं, ताप किंवा मोठे श्रम झाले होते काय, हें लिहावें. मग डॉक्टरांस विचारावें, "गेल्या वेळेपेक्षां फरक किती, आणि तो कशामुळें?" ज्यास हा प्रश्न विचारतां येतो, तो आंकड्यास भीतही नाहीं आणि त्यानें फसतही नाहीं.